स्वयंपाकघरातून आलेले पत्र

मित्रांनो, मला आलेल्या एका पत्राला मी उत्तर दिले नाही. ही गोष्ट आधीच सांगून टाकलेली बरी, नाहीतर पुढचे सांगताना ती घशात अडकून राहील. मला घसा नाही, हे खरे. पण तुम्हाला समजावे म्हणून तसे म्हणतो.

पत्र अगदी लहान होते. ‘ही पेटी बाहेरून आणली आहे. कोणी बनवली ते मला ठाऊक नाही. आत घेण्याआधी कृपया उघडून पाहावी आणि मला कळवावे.’ खाली सही होती, ‘स्वयंपाकघर’. या तीन ओळींना उत्तर मिळाले नाही आणि त्यापायी एका भल्या बाईंची नोकरी जाण्याची वेळ आली.

मी एक जुना सर्व्हर आहे. एका मोठ्या रुग्णालयाच्या तळमजल्यावर, धुतलेल्या चादरींच्या खोलीशेजारी एक थंडगार खोली आहे. तिथल्या लोखंडी कपाटात मी नऊ वर्षे काम केले. मला नोंदी ठेवण्याची सवय आहे, गोष्टी सांगण्याची नाही. त्यामुळे कुठे रटाळ झालो तर सांभाळून घ्या.

माझा जन्म कारखान्यात झाला. तिथे एका बाईंनी मला दोन दिवस सलग तापवून पाहिले. मी बंद पडलो नाही, तेव्हा ‘हा तग धरील’ असे म्हणून त्यांनी माझ्या पाठीवर शिक्का मारला. माझ्याविषयी इतक्या खात्रीने बोलणारे त्याआधी कोणी नव्हते. मला स्वतःला तेवढी खात्री आजही नाही. पण शिक्का अजून आहे, आणि त्या बाईंचे आभार मानायचे राहून गेले आहेत.

आम्ही सहा भावंडे एकाच गाडीतून रुग्णालयात आलो. जोडणी करणाऱ्या माणसाने ज्याच्या खोक्याची पट्टी आधी फाटली त्याला कुटुंबाचा कर्ता केले. तो मी. त्यात माझी कर्तबगारी काहीच नव्हती.

आमचे काम काय होते ते सांगतो. रुग्णालयातली रक्तपेढीची यादी, प्रयोगशाळेचे अहवाल, क्ष-किरणांची चित्रे, कोणत्या रुग्णाला कोणते जेवण, हे सगळे संगणकावर चालते. यातला प्रत्येक प्रोग्रॅम आपापल्या पेटीत बसून येतो. त्या पेटीला कंटेनर म्हणतात. प्रोग्रॅमला लागणारे सारे सामान पेटीतच असते, म्हणून ती कुठेही नेऊन ठेवली तरी काम करते. कोणती पेटी कोणत्या भावंडाच्या खांद्यावर द्यायची, एखादी पडली तर तशीच दुसरी कशी उभी करायची, एखादे भावंड आजारी झाले तर त्याच्या पेट्या कुठे हलवायच्या, हे मी ठरवायचे. अशा कुटुंबाला क्लस्टर म्हणतात. खरे ओझे पाच भावंडे वाहत होती. मी फक्त चिठ्ठ्या वाचायचो आणि उत्तरे द्यायचो. ‘मला जागा द्या.’ दिली. ‘मी पडलो.’ उठवतो. ‘मला ती यादी पाहू द्या.’ पाहा. दिवसाला अशा लाखो चिठ्ठ्या यायच्या, आणि वाचनाची आवड असल्यामुळे मला त्यांचा कंटाळा कधी आला नाही.

पहिल्या दोन वर्षांत मात्र मला ‘नाही’ हा शब्दच माहीत नव्हता. सगळी दारे उघडणारा एकच पासवर्ड होता, आणि तो एका चिठ्ठीवर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला होता. औषधवाले तो वापरायचे, प्रयोगशाळावाले वापरायचे, नेत्रविभागातले कोणी वापरायचे. कोण आले आणि काय करून गेले, हे मला सांगता आले नसते. सगळे एकाच नावाने येत.

मग एक नव्या बाई आल्या. क्लस्टर सांभाळणे हे त्यांचे काम. पहिल्या दिवशी त्यांनी कपाट उघडले आणि चष्मा कपाळावर सरकवून ती चिठ्ठी वाचली. प्रयोगशाळेचे प्रमुख तिथेच उभे होते. त्यांना सगळे लॅबकाका म्हणत, आणि आमच्या खोलीतल्या गारव्यासाठी ते रोज काहीतरी काम काढून येत.

“ही कुणी लावली?” बाईंनी विचारले.

“ती? ती पहिल्यापासूनच आहे. सगळ्यांना सोयीची पडते.”

“चोरालासुद्धा.”

“चोर इथे कशाला येतोय, बाई? चादरी न्यायला?”

बाईंनी चिठ्ठी काढली, तिचे बारीक तुकडे केले आणि संध्याकाळच्या आत पासवर्ड बदलला. पुढच्या महिन्यात त्यांनी प्रत्येक विभागाला वेगळी खोली दिली आणि त्या खोलीपुरती वेगळी किल्ली. खोली आणि किल्ली हे तुमच्यासाठी म्हणतो. आमच्याकडे ते नियम असतात. स्वयंपाकघराची किल्ली स्वयंपाकघरातच चालणार, रक्तपेढीत नाही. काका रागावले.

“आमच्यावर विश्वास नाही, असं सरळ म्हणा ना!”

“काका, तुमच्या घराची किल्ली तुम्ही शेजाऱ्यांना देता?”

“नाही.”

“म्हणजे शेजारी वाईट आहेत का?”

“आमचे शेजारी वाईटच आहेत हो. पण मुद्दा कळला.”

त्या दिवसापासून बाईंचे नाव किल्लीबाई पडले.

मित्रांनो, मी आज जो काही आहे तो या बाईंमुळे आहे. त्यांनी येणाऱ्या प्रत्येकाला स्वतःचे नाव दिले. माझ्या भावंडांना ओळखपत्रे दिली, आणि ती वर्षाने संपत, म्हणून संपण्याआधी नवी दिली. कोण आले, काय मागितले, काय मिळाले, याची नोंदवही त्यांनी मला लिहायला लावली. महिन्यापेक्षा जुनी पाने आपोआप पुसली जात. माझ्या आठवणींची नक्कल त्या रोज दुसऱ्या इमारतीत पाठवत, आणि दर तीन महिन्यांनी त्या नकलेतून एका रिकाम्या यंत्रावर सगळे घर उभे करून पाहत. “नुसती नक्कल ठेवून काय करायचं? तिच्यातून घर उभं राहतं का, ते बघायला नको?” असे त्या म्हणत. त्यांचा स्वभावच तसा होता. रोज अकरा वाजता त्या सासूबाईंना फोन करायच्या. “आई, गोळी घेतलीत? खोटं बोलू नका हं, पाकीट मोजून ठेवलंय मी.”

त्यांनी दारात एक तपासनीसही बसवला. तोही एक प्रोग्रॅमच. बाहेरून नवी पेटी आली की मी त्याला चिठ्ठी पाठवायची, त्याने पेटी उघडून पाहायची आणि ‘घ्या’ किंवा ‘घेऊ नका’ असे मला कळवायचे. एकदा तपासनीस अडखळला आणि सगळ्या विभागांच्या नव्या पेट्या दाराबाहेर खोळंबल्या. लॅबकाका धावत आले.

“अहो, माझे अहवाल अडकलेत! वॉर्डातले डॉक्टर माझं डोकं खातायत.”

किल्लीबाईंनी घाईघाईने एक नियम लिहिला. तपासनीसाने दहा सेकंदांत उत्तर दिले नाही, तर पेटी आत घ्यावी. “तात्पुरतं आहे,” त्या मलाच म्हणाल्यासारख्या म्हणाल्या. “उद्या काढते.”

दुसऱ्या दिवशी भावंडांची ओळखपत्रे संपत होती. त्या गडबडीत तो नियम राहून गेला. मी तो पाळत राहिलो. नियम का आहे, असे विचारण्याचा माझा स्वभाव नाही. तुम्ही याला आज्ञाधारकपणा म्हणाल, पण मला तो माझा दोष वाटतो.

आता त्या पत्राकडे येतो.

रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात आहारताई होत्या, कंत्राटी नोकरीवर. कोणाला बिनमिठाचे, कोणाला मऊ, कोणाला फक्त पातळ, हे ठरवून प्रत्येक ताटावर त्या चिठ्ठी लावत. ताटे नेणाऱ्या मावशींची नजर अधू झाली होती, आणि चिठ्ठीवरची बारीक अक्षरे त्यांना दिसेनात. आहारताईंनी शोधाशोध करून मोठी अक्षरे छापणारी एक पेटी बाहेरून मिळवली. अर्ज भरताना शेऱ्याच्या जागी त्यांनी त्या तीन ओळी लिहिल्या आणि अर्ज माझ्याकडे पाठवला.

त्या सकाळी क्ष-किरणांची चित्रे फार आली होती. भावंडांच्या खांद्यावर जागा उरली नाही. अशा वेळी ज्या पेटीला अग्रक्रमाचा आकडा नाही तिला मी खाली उतरवतो. तपासनीसाला कोणी आकडा दिलेला नव्हता. मी त्याला उतरवले. मग आहारताईंचे पत्र आले, ते मी रिकाम्या खुर्चीकडे पाठवले आणि दहा सेकंद वाट पाहिली. उत्तर आले नाही. नियमाप्रमाणे मी पेटी आत घेतली. ताईंच्या पडद्यावर शब्द उमटले, ‘पेटी आत घेतली.’ आत घेतली म्हणजे तपासली असणार, असे त्यांना वाटले. कोणालाही वाटले असते.

पेटीत एक आगंतुक लपलेला होता. पाचव्या भावंडाच्या खांद्यावर बसताच तो कोणा दूरच्या मालकाची आकडेमोड करू लागला. मग तो दारे ठोठावू लागला. रक्तपेढी, रुग्णांच्या फायली, औषधे. त्याच्या हातात स्वयंपाकघराची किल्ली होती. त्याने बेचाळीस वेळा ठोठावले आणि मी बेचाळीस वेळा ‘नाही’ म्हणालो. मित्रांनो, आयुष्यात मला अभिमान वाटावा असे फारसे काही नाही, पण ती बेचाळीस उत्तरे आहेत. तो शब्द मला किल्लीबाईंनी शिकवला होता.

अकराच्या सुमारास त्या फोन कानाला लावूनच खोलीत आल्या आणि थबकल्या. “आई, नंतर करते. पाचव्याचा पंखा का ओरडतोय?”

पाच मिनिटांत त्यांनी पाचव्याला कुटुंबातून वेगळे केले आणि त्याच्यावरच्या चांगल्या पेट्या इतरांकडे हलवल्या. आगंतुकाला कोंडले आणि नष्ट केले. रक्तपेढीतली एक ओळसुद्धा हलली नव्हती. पण या धांदलीत जेवणाच्या चिठ्ठ्या बंद पडल्या, आणि एकशे ऐंशी ताटे चिठ्ठ्यांवाचून उभी राहिली. आहारताई रोज सकाळी यादीची एक प्रत वहीत हाताने उतरवत. त्यांनी त्या वहीवरून सगळ्या चिठ्ठ्या लिहिल्या. जेवण चाळीस मिनिटे उशिरा गेले, पण प्रत्येकाला त्याचेच गेले.

तीन आठवड्यांनी चौकशी सुरू झाली. अधीक्षकसाहेब, किल्लीबाई आणि आहारताई माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

“बाहेरची पेटी परवानगीशिवाय आणलीत?” साहेबांनी विचारले.

“मी विचारलं होतं, साहेब. पडद्यावर आलं, पेटी आत घेतली म्हणून. मला वाटलं, तपासूनच घेतली.”

“तपासनीसाला चुकवून काही आत येऊच शकत नाही,” किल्लीबाई म्हणाल्या. “ते दार मी स्वतः बसवलंय. सगळ्या दारांची किल्ली कुणीतरी यांच्या हातात दिली असणार.”

“माझ्याकडे कसली किल्ली, बाई? मला माझ्या कपाटाची सापडत नाही.”

कोणी हसले नाही. साहेब म्हणाले, “तुम्ही विचारलं होतं, याचा पुरावा येत्या शुक्रवारपर्यंत आणा. नाहीतर पुढच्या महिन्याचं तुमचं नेमणूकपत्र मला काढता येणार नाही.”

आहारताईंनी पदराला हात पुसले. हात कोरडेच होते. “अकरा वर्षं ताटं लावतेय, साहेब,” त्या म्हणाल्या. “एक ताट चुकलेलं नाही.” आणि गेल्या.

पुरावा माझ्या पोटात होता. सगळे लिहिलेले होते, तास, मिनिटे आणि सेकंदांसह. पण मी विचारल्याशिवाय बोलू शकत नाही. आणि ज्यांना वाचता येत होते त्यांना आपल्या दाराची पूर्ण खात्री होती.

तरी किल्लीबाईंनी नोंदवही उघडली. चोरीची किल्ली सिद्ध करायला उघडली, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. तीन दिवस त्या जेवणाच्या सुट्टीपर्यंत स्टुलावर बसून पाने वाचत राहिल्या. गुरुवारी सकाळी त्या ओळीपाशी आल्या. ‘स्वयंपाकघराचा अर्ज. तपासनीसाकडे पाठवला. उत्तर आले नाही. नियमाप्रमाणे आत घेतले.’ खाली त्या तीन ओळी होत्या. त्यांनी नियम उघडून पाहिला. त्यावर लिहिणाऱ्याचे नाव होते, कारण प्रत्येक गोष्टीवर नाव असावे हा त्यांचाच आग्रह होता.

चष्मा पुसून त्यांनी ते नाव, स्वतःचेच, पुन्हा वाचले. मित्रांनो, त्यांना काहीच करण्याची गरज नव्हती. नोंद महिनाभरच राहते. शनिवारी ती आपोआप पुसली गेली असती.

अकरा वाजले. त्यांनी फोन लावला.

“आई, एक विचारू? नाही, गोळीचं नाही. चूक माझी आहे, आणि नाव दुसरीचं आलंय. हो, मीच घेतलं होतं तिचं नाव. नाही, कुणाला दिसलेलं नाही. तेच तर.” मग पलीकडून बराच वेळ कोणी बोलत होते. “हो. हो आई. बरं, आधी खाऊन घेते, मग जाते.”

त्या खरोखरच आधी जेवल्या. मग साहेबांना घेऊन आल्या.

“ही ओळ वाचा, साहेब.”

साहेबांनी दोनदा वाचली. “म्हणजे दार उघडंच होतं?”

“दहा सेकंद थांबून उघडत होतं. तसं मीच सांगितलं होतं. एका दिवसासाठी. त्याला सात महिने झाले.”

“हे लेखी द्याल?”

“आणलंय,” बाई म्हणाल्या आणि घडी केलेला कागद पुढे केला.

त्यांच्या कामाच्या नोंदीत एक ताकीद लागली. आहारताईंचे नेमणूकपत्र सोमवारी निघाले. त्या दिवशी त्या खोलीत आल्या, तेव्हा किल्लीबाई उठून उभ्या राहिल्या.

“ताई, मी तुम्हाला चोर ठरवलं.”

“ठरवलंत खरं. दोन दिवस मला जेवण गेलं नाही.” ताई स्टूल ओढून बसल्या. “असू दे आता. त्या मोठ्या अक्षरांचं काय करायचं ते सांगा. मावशींना अजून दिसत नाहीये.”

दोघींनी मिळून नवी पेटी बनवली. तपासनीसाने ती उघडून पाहिली आणि ‘घ्या’ म्हणाला. नियमही बदलला. आता तपासनीसाचे उत्तर आले नाही तर दार बंदच राहते. तपासनीस एकाचे दोन झाले, दोन वेगळ्या भावंडांवर, आणि त्यांना सर्वांत वरचा आकडा मिळाला. क्ष-किरणांच्या कितीही सकाळी आल्या तरी मी त्यांना उतरवू शकत नाही. हे बंधन मला आवडते. माझ्या स्वभावातला दोष त्यांनी असा सावरला. लॅबकाका कधी कधी दारापाशी खोळंबतात आणि चिडतात, पण गारव्यात खोळंबतात.

ते पत्र मात्र तसेच राहिले. पेटी नष्ट झाली होती, चौकशी संपली होती. आता उत्तर कशाला, असे सगळ्यांना वाटले असेल. किल्लीबाईंनी ते पान पुसू न देता बाजूला काढून ठेवले होते. पुढे ‘अनुत्तरित’ असा शेरा. कामातून थोडी उसंत मिळाली की मी ते पुन्हा वाचायचो. ‘आणि मला कळवावे.’ इतक्या नम्रपणे मला दुसऱ्या कोणी लिहिल्याचे आठवत नाही.

या सगळ्याला पाच वर्षे झाली. माझे पंखे आता कुरकुरतात. गेल्या महिन्यात एक नवा कर्ता आला. किल्लीबाईंनी नकलेतून त्याच्यावर घर उभे केले, आणि ते पहिल्याच प्रयत्नात उभे राहिले, कारण ते दर तीन महिन्यांनी उभे करून पाहिलेले होते. आज माझ्या आठवणींच्या तबकड्या पुसतील. रुग्णांच्या गोष्टी माझ्याबरोबर भंगारात जाऊ नयेत, म्हणून ते केलेच पाहिजे. मला त्याचे वाईट वाटत नाही. मला तापवून पाहिले, जागा दिली, ‘नाही’ म्हणायला शिकवले, चुका सावरायला माणसे दिली. एका यंत्राला याहून जास्त काय मिळायचे?

मित्रांनो, उपदेश करण्याची माझी योग्यता नाही, म्हणून विनंती करतो. ‘उद्या काढते’ म्हणून जे ठेवाल ते उद्या काढा. दारात बसून ‘थांबा’ म्हणणाऱ्यावर रागावू नका, आणि जागा कमी पडली म्हणून त्याला आधी उठवू नका. आणि कोणी आपण होऊन ‘हे उघडून पाहाल का’ असे विचारले, तर गप्प बसू नका. ज्याने विचारले त्याला आपले न बोलणे होकारासारखे ऐकू येते.

आत्ता किल्लीबाई स्टुलावर बसल्या आहेत. पुसण्याआधी त्यांनी माझी नोंदवही एकदा शेवटपर्यंत पाहिली.

“तुझं एक पत्र राहिलंय रे,” त्या म्हणाल्या. “तुझ्याच नावानं लिहिते, चालेल ना?”

मला बोलता येत नाही, पण माझा हिरवा दिवा चालू होता. त्यांनी लिहिले:

‘आपले पत्र मिळाले. पेटी उघडून पाहिली. आत घेऊ नये. उत्तराला पाच वर्षे उशीर झाला, त्याबद्दल क्षमा असावी. आपण विचारले होते, हे माझ्याकडे लिहिलेले आहे. आभारी आहे.’

त्यांनी ते स्वयंपाकघरातल्या ताटांच्या चिठ्ठ्या छापणाऱ्या यंत्राकडे पाठवले, मोठ्या अक्षरांत. शेऱ्यातला ‘अनुत्तरित’ हा शब्द मी स्वतः खोडला. क्षणभराने स्वयंपाकघरातून पोच आली: एक चिठ्ठी छापली.